माझ्या बाजूचा ब्रेक

४ मार्च, मंगळवार

हृदयाच्या हॉस्पिटलात एक समुपदेशक बाई ठेवल्या आहेत. ऑपरेशन व्हायचं असलेल्या माणसांना 'घाबरू नका' म्हणून सांगणं हे त्यांचं काम. मी घाबरलेलो नव्हतो. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितल्यावर थोडा घाबरलो.

ही वही त्यांनीच दिली. "काका, मनात येईल ते लिहीत जा. कामाची काळजी, तब्येतीची काळजी. कागदावर उतरली की हलकी होते." वहीवर उगवत्या सूर्याचं चित्र आहे. छाती उघडायला निघालेल्या माणसाला सूर्य दाखवायचा, हे कुणाचं डोकं असेल देव जाणे.

पुढे म्हणाल्या, "रोज स्वतःला विचारायचं, यातलं माझ्या हातात काय आहे आणि काय नाही."

मी म्हटलं, "बाई, मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात असतं. माझ्याकडे फक्त एक ब्रेक असतो."

त्यांनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं. हसायचं असतं हेसुद्धा त्यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. ती काढून दुसरी बसवायची. सर्जन म्हणजे निव्वळ शाळकरी पोरगा. मिशीसुद्धा धड फुटलेली नाही. त्याने कागदावर हृदय काढून दाखवलं, ते थेट बटाट्यासारखं दिसत होतं. ज्याला साधं चित्र काढता येत नाही त्याच्या हातात मी सुरी देणार. तर हा शाळकरी मला म्हणतो, "काका, चालता चालता चक्कर येऊन पडाल. आता गाडी अजिबात चालवायची नाही."

"मी चालवत नाही. शेजारी बसतो."

"शेजारीसुद्धा नाही."

त्याने १८ तारीख दिली. मी बाहेर येऊन काउंटरवर ३१ करून घेतली. २७ ला माझ्या बॅचची लायसन्सची परीक्षा आहे. त्या शुंभांना मेहुण्याच्या हवाली केलं तर एकाच्याही हाती लायसन्स पडायचं नाही, आणि मग पुढची बॅच येणार कुठून? स्कूल बसलं तर नवीन झडप घेऊन मी काय खिडकीत बसून राहू? घरी सांगितलं की हॉस्पिटलला आधीची तारीख नाही. बायको "बरं" म्हणाली. ती सगळ्यालाच बरं म्हणते.

६ मार्च, गुरुवार

मेहुण्याबद्दल लिहितो, नाहीतर पोटात दुखायला लागेल. बायकोचा धाकटा भाऊ. मी त्याला गोगलगाय म्हणतो, कारण सायकलवाले त्याच्या पुढे जातात. त्याची नोकरी गेली तेव्हा बायकोच्या तोंडाकडे बघून मी त्याला स्कूलमध्ये घेतला. आमच्याकडे दोन गाड्या आहेत. थोरली माझी, धाकटी त्याची. दोन्हींत शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा ब्रेक आहे. माणसाला दोन पाय दिले आहेत, ते ह्यासाठीच.

गोगलगाय काय करतो? बूट काढतो आणि सीटवर मांडी घालून बसतो! शिकवायला बसलाय की जेवायला, कळत नाही. त्याच्या समोरच्या पेडलवर धूळ साचली आहे. मी एकदा झापला तर म्हणाला, "भाऊजी, मी मांडी घातली की समोरच्याला कळतं, आता आपल्यालाच थांबवायची आहे." असं म्हणाला जसा काही मोठा महात्माच. एक दिवस मांडी घातलेल्या अवस्थेत काचेतून बाहेर जाईल, तेव्हा कळेल.

माझा पाय कायम ब्रेकवर. शिकणाऱ्याच्या डोक्यात यायच्या आत मी दाबलेला असतो. इतक्या वर्षांत थोरलीला ओरखडा नाही. एक ओरखडा दाखवा! तरी परीक्षक माझीच मुलं नापास करतो. मागच्या बॅचचे जवळजवळ सगळे उडवले, आणि सगळ्यांच्या कागदावर एकच शेरा, 'वेळेवर थांबत नाही'. धडधडीत खोटं. माझ्या गाडीत प्रत्येक जण बरोबर रेषेवर थांबतो, मी रोज या डोळ्यांनी बघतो. गोगलगायीचे मात्र पास होतात. त्याने परीक्षकाशी काहीतरी सूत जमवलेलं असणार.

या बॅचमध्ये एक ग्रंथपाल बाई आहेत. बोलतात कुजबुजत, हॉर्नसुद्धा असा वाजवतात की बाजूला कुणी वाचत बसलं असावं. आज सिग्नलजवळ आलो.

"बाई, पुढे लाल दिसतोय ना?"

"दिसतोय, सर."

"मग?"

मग गाडी थांबली. मी थांबवली. बाई म्हणतात, "थँक यू, सर." असले नग घेऊन मला २७ तारीख गाठायची आहे.

९ मार्च, रविवार

अळणी जेवण. शाळकऱ्याने मीठ कमी करायला सांगितलंय, बायकोने बंदच करून टाकलं. तिचं सगळं असंच, एका टोकाला गेली की गेली.

हल्ली रोज सकाळी गुडघ्याच्या व्यायामाला जाते. कुठल्याशा हॉलमध्ये बायका जमतात म्हणे. त्यासाठी सपाट तळव्यांचे कापडी बूट घेतलेत. या वयात! मी म्हटलं, "अगं, शर्यतीत पळणार आहेस का?" तर म्हणाली, "पायाला नीट जाणवलं पाहिजे, म्हणून." व्यायामाने गुडघे बरे होत असते तर शाळकऱ्यासारख्यांची दुकानं बंद पडली असती. पण येते मात्र लालबुंद होऊन, एकदम खुशीत. काय करतात तिथे कुणास ठाऊक. गप्पा हाणत असतील.

तिला गाडी येत असती तर आज मला एवढा घोर नसता. लग्नानंतर लगेच शिकवायला घेतली होती. तिसऱ्याच दिवशी भर चौकात गाडी उभी करून उतरली, किल्ली माझ्या मांडीवर टाकली आणि चालत घरी गेली. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. कारण काय, तर "तुम्ही मला काही करूच देत नाही". हातपाय आहेत, डोळे आहेत, पण रस्त्याची अक्कल नाही, ती देवाने दिलेली असावी लागते. तेव्हापासून मी तो विषय कानाला खडा लावून सोडला.

१२ मार्च, बुधवार

आज धाकटी तपासायला घेतली. ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली, आरसा खाली वळवलेला. गोगलगायीचे पाय रातोरात आखूड झाले काय? आणि सीटच्या फटीत हेअरपिन.

हेअरपिन!

त्याच्या बॅचमध्ये सध्या सगळे बाप्ये आहेत. एक टकलू आहे, त्याला तर पिन लावायला जागाच नाही. म्हणजे लफडं. सकाळी लवकर धाकटी बाहेर काढतो, म्हणतो इंजिन गरम करतो. इंजिनच ते! मला आधीच संशय होता. हा माणूस शीळ घालायला लागलाय.

जिन्यात धाप लागली. मधल्या वळणावर नोटीस बोर्ड आहे, तो वाचत उभा राहिलो. पाण्याची टाकी धुणार असल्याची नोटीस आता मला पाठ झाली आहे. खालचा शेजारी म्हणाला, "काय वाचताय एवढं?" म्हटलं, "व्याकरणाच्या चुका." गेला.

१४ मार्च, शुक्रवार

बायकोला सांगून टाकलं. तिचा भाऊ आहे, तिला कळायला हवं. हेअरपिन पुढे ठेवली, सीटचं सांगितलं, आरशाचं सांगितलं. म्हटलं, "एखादी ठेंगणी बाई दिसते."

ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली, डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं रडते की काय. "ठेंगणी!" म्हणाली आणि पुन्हा सुरू. शेवटी पिन उचलून स्वतःच्या केसांत खोवली आणि आत गेली. म्हणे, "पुरावा माझ्याकडे राहू दे."

भावाची भानगड निघाली आणि ही हसते. या घरात गंभीर माणूस मी एकटाच. एकटा माणूस एवढं सगळं किती दिवस थोपवून धरणार, हे त्या समुपदेशक बाईंना विचारायला हवं.

१९ मार्च, बुधवार

काल ऑपरेशनची तारीख होती, ती होऊन गेली. म्हणजे काही झालं नाही, हेच झालं. आज बायकोबरोबर रक्त तपासायला टॅक्सीने गेलो. शाळकऱ्याला दाखवायला म्हणून मी एवढं तरी ऐकतो. टॅक्सीवाल्याने वळण घेतलं तशी बायको म्हणाली, "आरशात बघितलंच नाही याने." थोडं पुढे गेल्यावर, "हा क्लचवर पाय ठेवूनच चालवतो, जळेल की."

मी चाटच पडलो. एवढी वर्षं माझ्याबरोबर राहून काहीतरी झिरपलं म्हणायचं. तिला म्हटलंही. ती खिडकीबाहेर बघून म्हणाली, "हो, तुमच्याकडूनच."

तपासणाऱ्या बाईला माझी शीर सापडेना. टोच टोच टोचलं. शाळकऱ्याला हृदय काढता येत नाही, हिला शीर मिळत नाही. असल्यांच्या हातात आपण सुखाने जीव देतो आणि वर नंबर लावून बसतो. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले सगळे चेहरे एकाच छापाचे होते. माझा तसा नसावा असं मला वाटत होतं, मग समोरच्या काचेत दिसला.

२० मार्च, गुरुवार

लिहायचं नव्हतं. पण ही वही सोडून दुसऱ्या कुणाला सांगणार?

ग्रंथपाल बाईंचा नंबर होता. थोरली. सकाळपासून छाती जड वाटत होती, पण कुणाला सांगितलं तर शिकवणी बंद, म्हणून गप्प बसलो. रोपवाटिकेच्या कोपऱ्यावर रस्ता वळतो, तिथे मी नेहमी दाबतो. आज त्या कोपऱ्यावर येता येता डोळ्यांपुढे आधी करडं झालं, मग काळं. शेवटचं आठवतं ते एवढंच की पाय उचलायला गेलो आणि पाय कुठे आहे ते कळेना.

भानावर आलो तेव्हा ओल्या मातीचा वास येत होता. थोरली रोपवाटिकेच्या कुंड्यांमध्ये घुसलेली. बोनेटवर लाल फुलांचं एक रोप आडवं पडलेलं. सुदैवाने त्या कोपऱ्यात माणूस नव्हता. वेग फारसा नव्हता, कुंड्यांनीच गाडी थांबवली. बाईंनी माझ्या शर्टाचं वरचं बटण सोडलं होतं, सीट मागे पाडली होती, आणि फोनवर पत्ता सांगत होत्या, तोही मोठ्या खणखणीत आवाजात. म्हणजे आवाज आहे त्यांना.

मला बोलता यायला लागल्यावर मी पहिलं काय विचारलं, तर, "बाई, ब्रेक का नाही दाबला?"

त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मी वाट बघत होते, सर."

"कसली?"

"तुम्ही दाबाल याची. तुम्हीच दाबता ना नेहमी."

ऐकलंत? एवढे दिवस शिकवून ही अक्कल! मेंढरं बरी. थोरलीचं नाक चेपलं आहे. माझ्या थोरलीचं. रोपवाटिकेचा मालक कुंड्यांसाठी आरडाओरडा करत होता, मग मला स्ट्रेचरवर बघून एकदम मवाळ झाला. ते जास्त लागलं.

२१ मार्च, शुक्रवार

हॉस्पिटलातून घरी सोडलं, पण अंथरुणातून उठायचं नाही या अटीवर. ऑपरेशन आता २५ ला, मंगळवारी. आदल्या दिवशी भरती. पुढे ढकलायला कुणी विचारलंसुद्धा नाही मला.

शाळकरी संतापला होता. संतापल्यावर थोडा मोठा दिसतो. बायकोसमोरच म्हणाला, "काकू, मी १८ तारीख दिली होती. तुम्ही कशी पुढे ढकलू दिलीत?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. टॅक्सीत एक शब्द नाही. घरी आल्यावर पाणी दिलं, गोळ्या दिल्या, उशी नीट केली, आणि दारात थांबून एवढंच म्हणाली, "त्यांच्या परीक्षेसाठी?"

मी म्हटलं, "स्कूल बंद पडलं तर खाणार काय आहोत आपण?"

"आणि तुम्हीच पडला असता तर?"

यावर उत्तर होतं माझ्याकडे. तिने थांबून ऐकलं नाही. तिने भांडायला हवं होतं, तेच बरं पडतं. गप्प बसलेल्या बायकोपुढे माणसाने काय करायचं असतं ते कुठल्या समुपदेशकाला माहीत आहे का? जेवणात आज मीठ होतं. चुकून पडलं की काय, विचारायचा धीर झाला नाही.

२३ मार्च, रविवार

गोगलगाय भेटायला आला. थोरलीचं नाक त्याच दिवशी मेकॅनिककडून बाहेर ओढून आणलं म्हणे. माझी बॅच त्याच्याकडे गेली आहे. येताना सफरचंदं आणली होती. आजाऱ्याकडे सफरचंदं, दुसरं काही सुचतच नाही यांना.

"कशी आहेत माझी मुलं?" मी विचारलं.

"छान तयार आहेत, भाऊजी. गिअर सुंदर टाकतात, आरसा बघतात, वळण मस्त घेतात."

"ते मी शिकवलंय."

"हो तर. सगळं येतं त्यांना. फक्त थांबता येत नाही."

मी त्याच्याकडे रोखून बघितलं. तो सफरचंद कापत होता. त्याला टोमणा मारता येत नाही, तेवढी बुद्धीच नाही, म्हणून जास्त राग आला.

मग सांगायला लागला, हा थोरलीत मांडी घालून बसला तर ग्रंथपाल बाई पहिल्या दिवशी रडल्या. गाडी सुरूच करेनात. म्हणाल्या, आधी पाय खाली सोडा. याने सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सिग्नलला स्वतः ब्रेक दाबला, तो असा जोरात की याचा चष्मा उडून डॅशबोर्डवर. "काय आनंद झाला हो त्यांना! आणि मलाही," म्हणतो आणि हसतो. चष्मा उडाला त्यात आनंद कसला? माझ्या गाडीत शिकणाऱ्यांना कधी धक्का बसलेला नाही. हातातला चहा सांडणार नाही अशी गाडी थांबवतो मी.

"भाऊजी," जाताना म्हणाला, "स्कूलची काळजी करू नका."

कोण कुणाला सांगतंय! मी नसलो तर स्कूल चालणार नाही, हे लिहून ठेवतो. आणि चाललं तर मग इतकी वर्षं मी तिथे काय करत होतो, हाही प्रश्न आलाच. तो मी समुपदेशक बाईंच्या 'हातात नाही' या खात्यात टाकतो.

२४ मार्च, सोमवार

हॉस्पिटल, संध्याकाळ. बाजूच्या खाटेवरचा माणूस मोठ्याने जांभया देतो. उद्या सकाळी माझा नंबर.

आजचं लिहिलंच पाहिजे. सकाळी बॅग घेऊन खाली आलो. टॅक्सी दिसेना. धाकटी उभी होती, गोगलगाय बाजूला उभा. मला वाटलं, हा सोडणार. म्हणजे पोचेपर्यंत परवा उजाडणार. मी मागे बसायला गेलो तर बायको म्हणाली, "पुढे बसा," आणि स्वतः जाऊन स्टिअरिंगमागे बसली. सपाट बूट. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, पट्टा लावला. गोगलगायीने बाहेरून दार लावलं आणि हात हलवला, जशी काही सहलच निघाली होती.

मी म्हटलं, "हा काय पोरखेळ आहे?"

"पट्टा लावा," ती म्हणाली.

हेअरपिन कुणाची ते तेव्हा कळलं. लायसन्ससुद्धा काढून बसली होती. कसला गुडघ्याचा हॉल आणि कसल्या बायका. मला इतके दिवस कसं कळलं नाही, असं कुणी मला विचारू नये.

गाडी हलली तसा मी पाय पुढे केला. पायाला काही लागलं नाही. वाकून बघितलं तर पेडल नाही, नुसती बोल्टांची भोकं.

"ब्रेक कुठाय?"

"काढला."

"कुणी?"

"मेकॅनिकने."

"कुणाला विचारून?"

"मला."

पुढचा सगळा रस्ता काय सांगू. मी सांगत होतो, डावीकडून सायकल, समोर ट्रक, आरसा, इंडिकेटर. ती एकदाच म्हणाली, "अहो, तुमचा आवाज बंद करा, मला रस्ता बघू दे." पुढे मी नुसता पायाखालची चटई दाबत राहिलो. रोपवाटिकेच्या कोपऱ्यावर तर अशी दाबली की पोटरीत गोळा आला. तिथे ती आपणच हळू झाली, वळली, गेली. तिसरा गिअर जरा लवकर टाकते. हॉर्न हवा तिथे देत नाही. हॉस्पिटलच्या फाटकाची चढण आहे ना, तिथे पुढच्या अँब्युलन्ससाठी थांबावं लागलं. मी डोळे मिटून घेतले, आता ही मागे घसरणार. नाही घसरली. गाडी उचलली आणि वर नेली. माझ्या बॅचमध्ये एकालाही ते जमत नाही. नशीब म्हणायचं.

गाडी लावल्यावर तिने किल्ली काढली. घामेजलेले तळवे पदराला पुसले. मी म्हटलं, "एवढं होतं तर टॅक्सी केली असती."

"सोडायला काय, टॅक्सीवालाही सोडेल," ती म्हणाली. "परत न्यायला मी येणार आहे. म्हणून शिकले."

बॅग मी उचलायला गेलो तर तीही तिनेच घेतली.

दुपारी शाळकरी आला. उद्या माझं हृदय काही वेळ थांबवणार, तोवर एक मशीन रक्त फिरवणार. मी विचारलं, "मशीनवर कोण बसतं?"

"आमच्या एक बाई आहेत. फार हुशार."

"आणि थांबलेलं पुन्हा चालू कोण करतं?"

"बहुतेक वेळा ते आपणहून चालू होतं, काका. नाहीच झालं तर आम्ही आहोत."

बहुतेक वेळा! असं गाडीच्या बाबतीत कुणी सांगितलं तर मी त्याला गॅरेजमधून हाकलून देईन. म्हटलं, "मी काय करायचं?" तर म्हणतो, "काही नाही. झोपायचं."

समुपदेशक बाई, घ्या, लिहितो. मला भीती वाटते. पाचावर धारण बसली आहे. मरायची भीती वाटते, अर्धवट उरायची वाटते. मी नसताना ती त्या कोपऱ्यावर कशी वळेल याची वाटते, आणि मी नसतानाही ती नीट वळेल याचीही वाटते. हलकं वगैरे काही झालं नाही. तुमची वही कुचकामी आहे.

बायको आता घरी निघाली. मी सांगितलं, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ठेव, घाई करू नको, पोचलीस की फोन कर. "बरं," म्हणाली. माझे बूट पिशवीत घालून नेले. उजव्याचा तळवा झिजून पार कागद झालाय, म्हणाली. डावा नव्यासारखा आहे.

फोन आला. पोचली.

२ एप्रिल, बुधवार

अक्षर वाकडं येतं आहे. घरी आलो. छातीला उशी धरून खोकायचं असतं, हा तिथला नवा शोध. हॉस्पिटलचा चहा भिकार, परिचारिका हुकूमशहा, बाजूचा जांभईवाला माझ्याआधी घरी गेला, वशिला असणार.

शाळकऱ्याने बटाटा पुन्हा काढला आणि नवीन झडप दाखवली. मी विचारलं, "आपणहून चालू झालं का?"

"लगेच, काका. कुणाला हात लावावा लागला नाही."

असं तो सगळ्यांनाच सांगत असेल.

बॅचचा निकाल लागला. जवळजवळ सगळे पास. ग्रंथपाल बाई फुलं घेऊन वॉर्डात आल्या होत्या, लाल, रोपवाटिकेतली. मोठ्याने म्हणाल्या, "सर, मी स्वतः थांबवली! अगदी रेषेवर!" सगळा वॉर्ड बघायला लागला. परीक्षक बदलला असेल. नाहीतर गोगलगायीने त्याला भरपूर चहा पाजला असेल. पाया मीच घातला होता, हे कुणी बोललं नाही.

दुपारी बायको न्यायला आली. धाकटी. माझी उशी, पट्टा, औषधांची पिशवी, सगळं नीट लावलं आणि गाडी काढली. तिसरा गिअर अजून लवकरच टाकते. मी सांगणार होतो, पण बोलताना छातीत ओढतं, म्हणून राहू दिलं.

रोपवाटिकेच्या कोपऱ्यावर एक ट्रक अचानक आडवा आला. तिने ब्रेक दाबला, गाडी थांबली, ट्रक गेला, आम्ही वळलो. ती म्हणाली, "दुखलं का?" म्हटलं, "नाही."

तेव्हा लक्षात आलं की माझा पाय हललाच नव्हता. चटईवर नुसता पडून होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. ऑपरेशनचा परिणाम असणार. पुढच्या तपासणीला शाळकऱ्याला विचारलं पाहिजे.